महाविद्यालयाचें पहिलें वर्ष आणि जीवनाचे मूलभूत प्रश्न

महाविद्यालयांत नव्यानें प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशीं अनेक प्रश्न विचारले जातात. शाखा कोणती, गुण किती, वसतिगृह हवें कीं नको, सवलतीचा दाखला आणला आहे काय, इत्यादि. परंतु हें शिक्षण तो कशासाठीं घेत आहे, हा प्रश्न त्याला पदवी हातीं पडेपर्यंत कोणी विचारील अशी खात्री देतां येत नाहीं. हा प्रश्न एकटा नाहीं. मनुष्याचें खरें हित कशांत आहे, न्याय कशाला म्हणावें, निरपराध माणसाच्या वाट्याला दुःख कां येतें, एकाच्या सुखासाठीं दुसऱ्यानें किती सोसावें, हे सारे त्याचे सोबती आहेत. असे प्रश्न विद्यार्थ्यांपुढें पहिल्याच वर्षीं, सर्व शाखांना सारखे आणि सक्तीनें ठेवावेत, अशी एक कल्पना गेल्या शंभर वर्षांत शिक्षणाच्या जगांत रुजली आहे. अभियांत्रिकीचा विद्यार्थी असो वा वाणिज्याचा, त्यानें या वर्गांत बसलेंच पाहिजे. वर्ग मात्र व्याख्यानाचा नव्हे. पंधरा-वीस विद्यार्थी, एक प्राध्यापक, पुढें एखादा ग्रंथ किंवा प्रत्यक्ष घडलेली घटना, आणि तिच्यावर मोकळी चर्चा, असें त्याचें स्वरूप असतें. त्याला चर्चावर्ग म्हणतां येईल.

नव्या शैक्षणिक धोरणाच्या निमित्तानें ही कल्पना आतां मराठवाड्यांतील महाविद्यालयांच्याही दाराशीं येऊन उभी राहिली आहे. लातूर येथें तिचें काय होईल, हें पाहणें विशेष उद्बोधक आहे. परीक्षेंत उत्तरें कशीं द्यावीं, ही विद्या ज्या शहरानें पूर्णत्वास नेली, त्याच शहरांत प्रश्न कसे विचारावेत या विद्येची खरी कसोटी लागणार आहे.

या प्रकारच्या वर्गाचें सर्वांत प्रसिद्ध उदाहरण न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाचें आहे. पहिलें महायुद्ध चालू असतां तेथें, हें युद्ध कोणत्या कारणांनीं उद्भवलें व तें कशासाठीं लढावयाचें, हें सांगणारा एक अभ्यासक्रम चालविण्यांत आला होता. युद्ध संपल्यावर तेथील शिक्षकांच्या मनांत साहजिकच असें आलें कीं, युद्धाचे प्रश्न जर विद्यार्थ्यांना शिकवितां येतात, तर शांततेचे प्रश्नही शिकवितां आले पाहिजेत. त्यांतून १९१९ सालीं पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठीं समकालीन संस्कृतीचा सक्तीचा अभ्यासक्रम निघाला. पुढें १९३७ सालीं श्रेष्ठ वाङ्मयाच्या वाचनाचा दुसरा सक्तीचा वर्ग त्याला जोडण्यांत आला. हे दोन्ही वर्ग अद्याप चालू आहेत.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर याच विद्यापीठांत १९१३ ते १९१६ या काळांत शिकले. हा अभ्यासक्रम निघण्यापूर्वींच ते तेथून गेले होते; परंतु ज्या वातावरणांतून तो निघाला, तें त्यांनीं पाहिलें होतें. १९५० सालीं त्यांच्या लोकशिक्षण संस्थेनें औरंगाबाद येथें, म्हणजे आजच्या छत्रपति संभाजीनगरांत, महाविद्यालय काढलें. त्याला पुढें नांव देण्यांत आलें तें कोणा देणगीदाराचें नव्हे, तर मिलिंद या ग्रीक राजाचें. या राजाची बौद्ध वाङ्मयांतील कीर्ति त्याच्या विजयांमुळें झालेली नाहीं. त्यानें नागसेन या भिक्षूला विचारलेल्या प्रश्नांमुळें ती झाली आहे. मराठवाड्यांतील उच्च शिक्षणाच्या आरंभीं एका महाविद्यालयाच्या दारावर प्रश्न विचारणाऱ्या मनुष्याचें नांव असावें, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

मिलिंद व नागसेन यांच्या संवादाच्या प्रारंभींचा एक प्रसंग या विषयाच्या दृष्टीनें फार महत्त्वाचा आहे. राजानें चर्चा करण्याची इच्छा दर्शविली, तेव्हां नागसेनानें विचारलें कीं, ही चर्चा पंडितांच्या रीतीनें व्हावयाची कीं राजांच्या? पंडितांच्या चर्चेंत एकजण गुंता करतो, दुसरा तो सोडवितो, कोणी चुकतो, कोणी चूक दाखवितो, आणि त्याबद्दल कोणीही रागावत नाहीं. राजांच्या चर्चेंत मात्र राजा एक गोष्ट सांगतो आणि जो ती मान्य करीत नाहीं त्याला दंड होतो. चर्चा पंडितांच्या रीतीनेंच होईल, असें मिलिंदानें कबूल केलें, तेव्हांच संवादास आरंभ झाला. महाविद्यालयाच्या वर्गांत गुण देण्याचा अधिकार ज्याच्या हातीं असतो, तो या अर्थानें राजाच असतो. म्हणून पहिल्या वर्षाच्या चर्चावर्गाचें यश, अध्यापक आपलें राजेपण दाराबाहेर ठेवतो कीं नाहीं, यावरच बव्हंशीं अवलंबून राहील.

स्वतंत्र भारतानें हा विचार लौकरच हातीं घेतला होता. डॉ. राधाकृष्णन् यांच्या अध्यक्षतेखालीं १९४८-४९ सालीं नेमलेल्या विद्यापीठ शिक्षण आयोगानें सुचविलें कीं, पदवीच्या पहिल्या वर्षीं बुद्ध, कन्फ्यूशियस, सॉक्रेटीस, येशू, महंमद, कबीर, नानक, गांधी इत्यादि थोर पुरुषांचीं चरित्रें शिकवावींत. दुसऱ्या वर्षीं जगांतील धर्मग्रंथांतील सार्वत्रिक स्वरूपाचे वेंचे वाचावेत. आणि तिसऱ्या वर्षीं धर्माच्या तत्त्वज्ञानांतील मुख्य प्रश्नांचा विचार करावा. ही क्रमवारी विचारपूर्वक लावलेली होती. आधीं माणसें, मग ग्रंथ, आणि शेवटीं प्रश्न. ती सरसकट अंमलांत मात्र आली नाहीं.

अलीकडच्या काळांत हा धागा पुन्हां उचलण्यांत आला. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेनें २०१७ सालीं अभियांत्रिकीच्या नव्या विद्यार्थ्यांसाठीं तीन आठवड्यांचा प्रारंभिक कार्यक्रम आंखला. त्यांत सार्वत्रिक मानवी मूल्यांवरील चर्चेला मध्यवर्ती स्थान आहे. सुमारें वीस विद्यार्थ्यांचा एक गट व त्याला एक अध्यापक, अशी त्याची योजना आहे. जें सांगितलें जाईल तें विद्यार्थ्यानें तसेंच न स्वीकारतां स्वतःच्या अंतःकरणाला विचारून पाहावें, असें त्याचें सूत्र आहे. त्यानंतर २०२० चें राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आलें. विद्यापीठ अनुदान आयोगानें डिसेंबर २०२२ मध्यें पदवीचा जो नवा आराखडा प्रसिद्ध केला, त्यांत सर्व शाखांना मूल्यशिक्षणाचे अभ्यासक्रम नेमून दिले आहेत. भारताची ओळख, पर्यावरण, आरोग्य, योग वगैरे विषय त्यांत मोडतात. महाराष्ट्रांतील विद्यापीठांशीं संलग्न असलेल्या महाविद्यालयांत २०२४-२५ या वर्षापासून पहिल्या वर्षाला हा आराखडा लागू झाला. अशा अभ्यासक्रमाला एका सहामाहींत साधारणपणें दोन श्रेयांक असतात. एका श्रेयांकास पंधरा तास धरले जातात. म्हणजे अध्यापकाच्या हातीं अवघे तीस तास येतात.

तीस तास थोडे आहेत. पण व्यर्थ जावेत इतके थोडे नाहींत. प्रश्न आहे तो ते कसे खर्चावेत याचा. येथें लातूरचें उदाहरण विचारांत घेतलें पाहिजे.

लातूर हा १९८२ सालीं उस्मानाबाद जिल्ह्यापासून वेगळा झालेला जिल्हा. दयानंद महाविद्यालय १९६१ सालीं आणि राजर्षि शाहू महाविद्यालय १९७० सालीं तेथें निघालें. पुढें बारावीच्या परीक्षेंत लातूरच्या विद्यार्थ्यांनीं असें यश मिळविलें कीं, 'लातूर पॅटर्न' हा शब्दच महाराष्ट्राच्या घरोघरीं गेला. त्याचें रहस्य गूढ नव्हतें. अभ्यासक्रम वेळेपूर्वीं संपविणें, वारंवार चांचण्या घेणें, जुन्या प्रश्नपत्रिका पुनःपुन्हां सोडवून घेणें, आणि कच्च्या विद्यार्थ्याला जादा तास देणें. शिक्षकांच्या कष्टांवर उभी राहिलेली ही पद्धति होती. कोरडवाहू शेतकऱ्यांचीं मुलें तिच्या आधारानें डॉक्टर व इंजिनियर झालीं, हें तिच्या टीकाकारांनींही विसरूं नये.

परंतु प्रत्येक पद्धति मनाला कांहीं वळण लावीत असते. वैद्यकीय प्रवेशासाठीं घेतली जाणारी 'नीट' परीक्षा पाहा. २०२५ सालच्या परीक्षेंत १८० प्रश्न होते आणि वेळ १८० मिनिटें होता. म्हणजे एका प्रश्नाला एक मिनिट. प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय, त्यांपैकीं एकच बरोबर. उत्तर बरोबर आलें तर चार गुण. चुकलें तर एक गुण वजा. सोडून दिलें तर शून्य. दोन वर्षें अहोरात्र या शिस्तींत वाढलेला विद्यार्थी तीन गोष्टी नकळत शिकतो. प्रत्येक प्रश्नाला उत्तर असतें. तें कोणी तरी आधींच ठरवून ठेवलेलें असतें. आणि ज्याविषयीं खात्री नाहीं त्याबद्दल गप्प राहणें फायद्याचें असतें. जीवशास्त्राच्या परीक्षेपुरत्या या तिन्ही गोष्टी ठीक आहेत. जीवनाच्या मूलभूत प्रश्नांना त्यांतील एकही लागू पडत नाहीं. असा विद्यार्थी चर्चावर्गांत येऊन बसला, तर तो आरंभीं मुका राहणार, आणि बोललाच तर 'यांत बरोबर उत्तर कोणतें?' एवढेंच विचारणार. त्यांत त्याचा दोष नाहीं. त्याला दुसरी रीत कोणी दाखविलेली नाहीं.

ती रीत दाखविण्यासाठीं परदेशचे ग्रंथ उघडण्याची आवश्यकता नाहीं. लातूर जिल्ह्याच्या मातींतच असे प्रश्न पुरेसे आहेत.

३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहांटे ३ वाजून ५६ मिनिटांनीं किल्लारी परिसरांत भूकंप झाला. गणेशविसर्जन आटोपून लोक गाढ झोंपले होते. धक्का ६.२ प्रतीचा होता आणि लातूर व उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत मिळून सुमारें १०,००० माणसें दगावलीं. भूकंपशास्त्राच्या तत्कालीन नकाशांत हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यांत गणलेला होता. माणसें प्रामुख्यानें दगावलीं तीं मातींत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि मातीचीं जड धाबीं अंगावर कोसळल्यामुळें. आतां चर्चावर्गांत प्रश्न ठेवावा कीं, हें कां झालें? एकजण म्हणेल, दैव. दुसरा म्हणेल, ईश्वरी कोप. तिसरा म्हणेल, भूगर्भांतील हालचाल. चवथा म्हणेल, घरांची बांधणी. अध्यापकानें यांपैकीं एकावर बरोबरची खूण करूं नये. त्यानें विचारावें कीं, यांतील कोणतें उत्तर 'कसें झालें' याचें आहे आणि कोणतें 'आमच्याच वाट्याला कां' याचें आहे? हे दोन प्रश्न एकच आहेत काय? ज्या कुटुंबानें पोटास चिमटा घेऊन दगडी घर बांधलें आणि तेंच घर त्याच्या मृत्यूला कारण झालें, त्याला दोष देतां येईल काय? आणि दोष देतां येत नसेल, तर जबाबदारी कोणाचीच नव्हती असें म्हणतां येईल काय? या प्रश्नांत पदार्थविज्ञान आहे, धर्म आहे आणि नीतिही आहे. निरनिराळ्या शाखांच्या विद्यार्थ्यांना एका वर्गांत बसविण्याचें प्रयोजन येथेंच स्पष्ट होतें.

दुसरा प्रश्न त्याच घटनेंतून निघतो. भूकंपानंतर ५२ गांवें नव्या जागीं वसविण्यांत आलीं. नवीं घरें कोणाला किती मोठीं द्यावीं? ठरलें तें असें. भूमिहीन व एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्या कुटुंबास २५० चौरस फुटांचें घर, एक ते सात हेक्टरवाल्यास ४५० चौरस फुटांचें, आणि सात हेक्टरांहून अधिक जमीन असणाऱ्यास ७५० चौरस फुटांचें. हा न्याय झाला काय? ज्याचें मोठें घर गेलें त्याची हानि मोठी, म्हणून त्याला मोठें घर, असें एक म्हणेल. भूकंपानें सर्वांना एकाच रात्रीं उघड्यावर आणलें असतां जुनी विषमता नव्या गांवांत पुन्हां कां रचावी, असें दुसरा म्हणेल. कुटुंबांत माणसें किती हें पाहून घर द्यावयास हवें होतें, असें तिसरा सुचवील. प्रत्येकाच्या बोलण्यांत न्यायाची एक वेगळी व्याख्या दडलेली आहे. ती बाहेर काढून दाखविणें हेंच अध्यापकाचें काम.

तिसरा प्रश्न पाण्याचा. २०१६ च्या उन्हाळ्यांत मांजरा नदीवरील धनेगांवचें धरण कोरडें पडलें. मार्च महिन्यांत शहरांतील पाण्याच्या टाक्यांभोंवतीं जमावबंदीचा हुकूम लागू करावा लागला. एप्रिलमध्यें मिरजेहून दहा वाघिणींची आगगाडी सुमारें ५ लाख लिटर पाणी घेऊन लातुरास आली. पाणी कोणाचें? ज्याच्या शेतांत विहीर आहे त्याचें, ज्याला तहान लागली आहे त्याचें, कीं ज्या नदीकांठावरून तें आलें त्या गांवांचें? कमी पावसाच्या प्रदेशांत ऊंस लावण्याचा शेतकऱ्याचा अधिकार कोठें संपतो? ज्या विद्यार्थ्याच्या घरीं ऊंस आहे आणि ज्याच्या आईनें रात्रभर नळाशीं घागर धरली, ते दोघे एकाच बांकावर बसलेले असतील. ते एकमेकांचें म्हणणें शेवटपर्यंत ऐकतील, तर त्या एका तासाचें सार्थक झालें म्हणावयाचें.

अशी चर्चा ही या भूमीला नवी नाहीं. शेजारच्या बीड जिल्ह्यांतील अंबाजोगाईशीं ज्याचें नांव निगडित आहे, त्या मुकुंदराजाचा 'विवेकसिंधु' हा ग्रंथ गुरुशिष्यांच्या संवादाच्या रूपानें रचलेला आहे. परंपरा त्याचा काळ शके १११० मानते. त्याच बाराव्या शतकांत बसवकल्याण येथें अनुभवमंटप भरत असे. हें गांव १९५६ पर्यंत लातूरबरोबर एकाच हैदराबाद राज्यांत मोडत होतें. तेथें अल्लमप्रभूंच्या अध्यक्षतेखालीं चांभार, नावाडी, परीट हे ब्राह्मणांच्या बरोबरीनें बसत आणि स्त्रियाही आपला अनुभव सांगत, असें परंपरा सांगते. अलीकडचें उदाहरण हवें असल्यास नांदेडच्या पीपल्स कॉलेजांतील नरहर कुरुंदकर यांचें घ्यावें. इतिहास, वाङ्मय, राज्यघटना, संगीत असे कोणतेही विषय त्यांना परके नव्हते, आणि विरोधी मत आधीं पूर्ण ताकदीनें मांडून मगच तें खोडण्याची त्यांची हातोटी होती. १९८२ सालीं ते निवर्तले. पण मराठवाड्यांतील सुशिक्षितांच्या बैठकींत त्यांच्या वादपद्धतीची आठवण अद्याप निघते.

या वर्गाविरुद्ध कांहीं आक्षेप घेतले जातात आणि ते दुर्लक्षणीय नाहींत. पहिला आक्षेप पोटापाण्याचा. ज्याच्या शिक्षणासाठीं घरची जमीन गहाण पडली आहे, त्याला न्यायाच्या व्याख्या काय कामाच्या? यावर उत्तर असें कीं, त्यालाच त्यांची गरज अधिक. श्रीमंताच्या मुलाला जीवनाविषयीं विचार करण्यास पुढें सवड मिळते. गरिबाचा मुलगा एकदां नोकरीला लागला म्हणजे त्याला ती सवड कोण देणार? शिवाय डॉक्टर झाल्यावर, एकच खाट रिकामी असतां दोन रोगी दारांत उभे राहिले, तर तेथें चार पर्याय छापलेले नसतात.

दुसरा आक्षेप सक्तीचा. विचार सक्तीनें करवितां येत नाहीं, हें खरेंच आहे. परंतु सक्ति बसण्याची आहे, मानण्याची नव्हे. हा भेद जेथें पुसला जाईल तेथें हा वर्ग ताबडतोब बंद करणें बरें. आपल्या राज्यघटनेच्या अठ्ठाविसाव्या अनुच्छेदानें, सर्वस्वीं सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेंत धार्मिक शिक्षण देण्यास मनाई केली आहे. आणि १९७६ सालीं जोडलेल्या मूलभूत कर्तव्यांत जिज्ञासु वृत्तीचा विकास हें एक कर्तव्य सांगितलें आहे. या दोन कांठांमधून हा प्रवाह वाहिला पाहिजे. कोणत्याही धर्माचा, पक्षाचा किंवा पुढाऱ्याचा प्रचार मूल्यशिक्षणाच्या नांवाखालीं वर्गांत शिरला, तर ती राजांची चर्चा झाली, पंडितांची नव्हे.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा आहे आणि तोच सर्वांत अवघड आहे. मोठ्या महाविद्यालयाच्या एका वर्गांत शंभर-सवाशें विद्यार्थी असतात. तेथें चर्चा कशी व्हावी? पुढें परीक्षा घ्यावयाची म्हणून टिपणें निघतात, टिपणांवरून बाजारांत मार्गदर्शिका निघते, आणि 'न्याय म्हणजे काय' याचेंही उत्तर पाठ होतें. यावर दोन साधे उपाय आहेत. एक, विषय कोणताही असो, वर्गाचे पांच-सहा गट करून आळीपाळीनें बसवावें. तीस व्याख्यानांपेक्षां आठ खऱ्या चर्चा अधिक उपयोगी पडतात. दुसरा उपाय परीक्षणाचा. विद्यार्थ्यानें कोणता निष्कर्ष काढला यावर गुण न देतां, आपल्या मताविरुद्धची बाजू त्यानें किती प्रामाणिकपणें मांडली, आणि त्यानंतर आपलें कारण किती स्पष्ट सांगितलें, यांवर ते द्यावेत. विरुद्ध बाजू मांडणें पाठ करून साधत नाहीं. निदान फार काळ साधत नाहीं.

अध्यापकांच्या तयारीचाही विचार झाला पाहिजे. रसायनशास्त्राच्या अध्यापकाला असा वर्ग दिला तर तो संकोचतो, आणि त्याचा संकोच समजण्यासारखा आहे. परंतु येथें त्याला सर्वज्ञ व्हावयाचें नाहीं. चर्चा भरकटली तर ती मूळ प्रश्नावर आणणें, मोठ्या आवाजाच्या विद्यार्थ्याला थांबविणें, गप्प बसलेल्या विद्यार्थिनीला संधि देणें, आणि शब्द संदिग्धपणें वापरला गेला कीं त्याचा अर्थ विचारणें, एवढें त्यानें केलें तरी पुष्कळ झालें. ज्यांनीं लातूरच्या चांचणीपद्धतींत वर्षानुवर्षें एवढे कष्ट उपसले, त्या शिक्षकवर्गाला हें साधणार नाहीं असें मानण्यास कांहींच आधार नाहीं.

या कामीं घरच्या मंडळींचाही वांटा आहे. दिवाळीच्या सुटींत घरीं आलेल्या मुलाला किंवा मुलीला गुण किती पडले हें वडील विचारतातच, आणि त्यांनीं तें विचारावें. पण त्याबरोबर, 'त्या वर्गांत कशावर वाद झाला, आणि तुझ्याशीं न पटणारा काय म्हणत होता?' हेंही विचारावें. पहिल्या वर्षीं मुलगा बहुधा उत्तरार्धाला अडखळेल. आपल्याशीं न पटणाऱ्याचें म्हणणें तो ज्या दिवशीं न अडखळतां, त्याची थट्टा न करतां सांगूं शकेल, त्या दिवशीं त्या दोन श्रेयांकांचें काम झालें असें समजावें.